लोहाराच्या पाण्यापासून लेसरच्या झोतापर्यंत : मावळच्या खडकाने घडवलेली पोलादाची गोष्ट

१/ मावळचा काळा बेसाल्ट काठिण्याच्या मोह मापनावर सुमारे ६ अंकावर बसतो. साधे, मऊ पोलाद त्याच्याही खाली राहते. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी याच खडकात भाजे आणि कार्ले येथील लेणी कोरली गेली, आणि १८६३ मध्ये याच खडकाला भोके पाडून आगगाडी लोणावळ्याला चढली. मऊ धातूने कठीण दगडावर मात कशी केली? #थ्रेड #मावळ #इतिहास

२/ या प्रश्नाचे उत्तर हत्याराच्या टोकावरील बोटभर पोलादात दडलेले आहे. त्याच उत्तराचे आजचे रूप म्हणजे लेसरने पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याची पद्धत. ही पद्धत ज्या लेसरमुळे कारखान्यात उतरली, त्याचा शोध लावणारा शास्त्रज्ञ पुणे जिल्ह्यातच जन्मला आणि पुण्यातच अभियांत्रिकी शिकला. गोष्ट मात्र त्याच्या फार आधीपासून सुरू होते.

३/ आधी मूळ पेच समजून घ्यायला हवा. धातूकडून माणसाला दोन गुण हवे असतात : कठीणपणा आणि चिवटपणा. कठीण धातू झिजत नाही, पण घाव बसला की काचेसारखा तडकतो. चिवट धातू घाव सोसतो, पण लवकर बोथट होतो. एक गुण वाढवला की दुसरा घटतो. पोलादाचा सारा इतिहास या एका ओढाताणीभोवती फिरतो.

४/ या पेचावरचा जुना तोडगा असा : संपूर्ण वस्तू कठीण करूच नये. जेथे झीज होते तेवढाच भाग कठीण करावा आणि बाकीचे अंग चिवट ठेवावे. पाथरवटाची टाकी हे याचे उत्तम उदाहरण. टोक दगडाला भिडते, म्हणून ते कठीण हवे. माथ्यावर हातोडा पडतो, म्हणून तो मऊ हवा. एकाच सळईत दोन स्वभाव!

५/ भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील, तर कार्ल्याचे चैत्यगृह त्यानंतरचे, इसवी सनाच्या प्रारंभीच्या काळातील. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी सुमारे ३७ मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. भारतातील कोरीव चैत्यगृहांमध्ये ते सर्वांत मोठे मानले जाते. येथे दगड रचलेला नाही. आतली सारी पोकळी माणसांनी हाताने कोरून बाहेर काढलेली आहे.

६/ एवढा बेसाल्ट फोडताना किती टाक्या बोथट झाल्या असतील, याची नोंद कोठेही नाही. परंतु बेसाल्टवर सतत चालणारी टाकी पुनःपुन्हा शेवटावी लागते आणि तिला पुन्हा पाणी द्यावे लागते, हे कोणताही पाथरवट आजही सांगेल. म्हणजेच लेण्याच्या तोंडाशी जसा पाथरवट होता, तसाच जवळपास कोठेतरी भाता, ऐरण आणि लोहारही असलाच पाहिजे.

७/ ‘पाणी देणे’ हा आपल्या भाषेतील तांत्रिक शब्द. लोहार टाकीचे टोक भट्टीत लालबुंद करतो आणि तेवढेच टोक पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो आणि टोक अतिशय कठीण होते. पण या अवस्थेत ते ठिसूळही असते. पहिल्याच घावाला त्याचा कण उडू शकतो. म्हणून खरे कसब यापुढच्या काही क्षणांत असते.

८/ टोक थंड झालेले असले तरी मागच्या भागात उष्णता शिल्लक असते. लोहार टोक दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाहत राहतो. मागची उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते आणि धातूवर रंग चढू लागतात : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. हवा तो रंग टोकाशी पोहोचला की त्याच क्षणी टाकी पुन्हा पाण्यात.

९/ हे रंग म्हणजे लोहाराचे तापमापक. फिकट पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला, तर निळा ३०० अंशांच्या आसपास उमटतो. पिवळ्यावर थांबले तर टोक अधिक कठीण राहते. निळ्यापर्यंत जाऊ दिले तर ते अधिक चिवट होते. क्षणभराचा उशीर झाला तरी सारे काम पुन्हा करावे लागते. हे ज्ञान कागदावर नव्हते, डोळ्यांत होते. म्हणूनच ते बापाकडून मुलाकडे जात राहिले.

१०/ या कारागिरांची नावे क्वचितच उरली. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट येथील सामि नावाच्या सुताराचे नाव आढळते. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने एक वाट दान केल्याचा उल्लेख आहे. कोकणातून बोरघाटाकडे निघणारा व्यापारी कल्याणहूनच पुढे जाई. म्हणजे या मार्गावरच्या एका तरी लोहाराकडे दान देण्याइतकी ऐपत होती आणि प्रतिष्ठाही.

११/ दख्खनच्या पोलादाची कीर्ती पुढे समुद्रापार गेली. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानेही या पोलादाचा अभ्यास केला. हे पोलाद इतके वेगळे का, याचे समाधानकारक उत्तर मात्र तेव्हा कोणाकडेच नव्हते.

१२/ आता पुन्हा मावळ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला मुंबईहून पुण्याला जायचे होते आणि मध्ये सह्याद्रीचा कडा उभा होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी बोरघाटाची आखणी केली. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. सुमारे १५ मैलांच्या वाटेत गाडीला १,८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट. एकूण २५ बोगदे.

१३/ हे बोगदे यंत्राने खोदलेले नाहीत. एकाने पोलादी पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. इंच इंच करून भोक खोल करायचे, त्यात दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. काही ठिकाणी कडा इतका सरळ होता की भोके पाडणाऱ्या मजुरांना दोराने खाली सोडावे लागे.

१४/ येथे टोकाला दिलेल्या पाण्याचे मोल कळते. पाणी कमी पडले तर टोक बोथट होते आणि घणाचा प्रत्येक घाव वाया जातो. पाणी जास्त झाले तर टोक भोकातच तुटते. मग ते भोक सोडून शेजारी नवे सुरू करावे लागते. कड्यावर दोराला लटकलेल्या माणसासाठी हा फरक केवळ सोयीचा नव्हता. जितका वेळ काम लांबेल, तितका वेळ जीव टांगणीला.

१५/ घाटाच्या चढावर सुमारे २० लाख घनयार्ड खोदाई झाली. १८६१ च्या सुमारास तेथे एकाच वेळी ४२,००० च्या आसपास माणसे राबत होती. त्यांना पटकीच्या साथींनी गाठले, अपघातांनी गाठले. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या वादातून खंडाळ्यात मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी मूळ कंत्राटदार विल्यम फॅविएल यांनी काम सोडले.

१६/ त्यांच्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल आले आणि भारतात पोहोचल्यावर काही दिवसांतच मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि ॲडमसन व क्लाऊझर या अभियंत्यांच्या हाती कामाची व्यवस्था दिली. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले.

१७/ अभियंत्यांची, कंत्राटदारांची, गव्हर्नरांची नावे इतिहासात राहिली. पहारींना पाणी देणाऱ्यांचे एकही नाव प्रसिद्ध नाही. वास्तविक २५ बोगद्यांतील प्रत्येक भोकाआधी एक पहार भट्टीतून गेली होती आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिच्या टोकावरचा रंग डोळे रोखून पाहिला होता.

१८/ एक विलक्षण योगायोग पाहावा. १८५६ मध्ये घाटाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेन्री बेसेमर यांनी स्वस्तात पोलाद करण्याची आपली पद्धत जाहीर केली. आणि १८६३ मध्ये घाट खुला होत असताना शेफिल्डचे हेन्री सॉर्बी पोलादाचा तुकडा घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होते. पोलादाला आतून रचना असते, हे माणसाला प्रथमच दिसू लागले.

१९/ पाण्यात बुडवल्यावर नेमके काय होते? साध्या पोलादात लोखंडाबरोबर थोडासा कार्बन असतो. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश थंड केले तर कार्बन बाहेर पडून वेगळा थर करतो आणि पोलाद मऊ राहते.

२०/ पण एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, अणूंची चौकट ताणली जाते आणि सुईसारख्या आकाराची अतिशय कठीण रचना तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ १८९५ मध्ये तिला ‘मार्टेन्साइट’ हे नाव मिळाले. लोहार जे ‘पाणी’ चढवत होता, ते हेच!

२१/ म्हणजे अवघड भाग तापवणे हा नव्हता. हवा तेवढाच भाग तापवणे आणि तो झटपट थंड करणे, हे अवघड होते. टाकीचे टोक बुडवता येते. पण मोठ्या चाकाच्या दात्याचे काय? नळीच्या आतल्या बाजूचे काय? संपूर्ण वस्तू तापवून पाण्यात टाकली तर ती वाकते, पिळते, कधी तडकते. विसाव्या शतकात ज्योतीने किंवा विजेच्या वेटोळ्याने वरचा थर तापवण्याच्या पद्धती आल्या, तरी अचूकतेची मर्यादा राहिलीच.

२२/ आता गोष्ट पुण्याकडे वळते. १८५४ मध्ये, म्हणजे बोरघाटाचे काम सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी, पुण्यात अभियांत्रिकीचा एक वर्ग सुरू झाला. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल अशा सार्वजनिक कामांसाठी दुय्यम अधिकारी घडवणे हा त्याचा हेतू होता. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे ‘सीओईपी’ झाली.

२३/ सुमारे शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, या महाविद्यालयातून एक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला : चंद्रकुमार पटेल. जन्म २ जुलै १९३८, बारामती. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ते न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. आदल्याच वर्षी, मे १९६० मध्ये, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून जगातील पहिला लेसर पेटवला होता.

२४/ माणकाचा लेसर क्षणभर चमकून विझत असे. सतत चालणारे वायूचे लेसर होते, पण त्यांची शक्ती क्षीण होती. पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायू निवडला. त्याच्या रेणूच्या कंपनांमधून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो. पुढे त्यात नायट्रोजन मिसळला. नायट्रोजनचा रेणू विजेकडून घेतलेली ऊर्जा सांभाळून ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइडला देतो.

२५/ हेलियमची जोड मिळताच लेसरची शक्ती झपाट्याने वाढली. सुरुवातीला जेमतेम मिलीवॅटच्या घरात असलेला हा झोत १९६५ मध्ये शंभर वॅटच्या पुढे गेला. पुढच्या दशकात हजारो वॅटचे लेसर कारखान्यांसाठी मिळू लागले. पोलाद तापवू शकेल असा प्रकाश माणसाच्या हाती आला. १९९६ साली पटेल यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

२६/ लेसरने पोलाद कठीण कसे होते? झोत रुंद करून पृष्ठभागावरून एका ठरावीक वेगाने फिरवतात. वरचा एखादा मिलिमीटर क्षणात लाल होतो, पण वितळू दिला जात नाही. झोत पुढे सरकताच खालचे थंड पोलाद ती उष्णता ओढून घेते. सेकंदाला हजार अंशांहून अधिक वेगाने वरचा थर थंड होतो आणि मार्टेन्साइट तयार होते.

२७/ येथे हौद नाही, तेल नाही, चर्र आवाजही नाही. खालचे पोलादच वरच्या पोलादाला ‘पाणी’ देते. उष्णता खोलवर पोहोचतच नसल्याने वस्तू फारशी वाकत नाही. तापण्याचा काळ अत्यल्प असल्याने कण बारीक राहतात. शिवाय मार्टेन्साइट किंचित फुगते, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तेथे भेगा सहज सुरू होत नाहीत.

२८/ अडचणीही आहेत. उघडे चकचकीत पोलाद कार्बन डायऑक्साइड लेसरचा बहुतेक प्रकाश परतवून लावते. म्हणून आधी त्यावर ग्रॅफाइटसारखा काळा थर द्यावा लागे. झोताचे दोन पट्टे एकमेकांवर आले तर दुसरा पट्टा पहिल्याची कड पुन्हा तापवतो आणि तेथे मऊ रेघ उरते. कार्बन फारच कमी असेल तर पोलाद कठीण होतच नाही. अलीकडचे कमी तरंगलांबीचे लेसर पोलादात अधिक सहज शोषले जातात, पण बाकीचे नियम तेच.

२९/ १९७० च्या दशकात अमेरिकेतील सॅगिनॉ येथे जनरल मोटर्सने गाडीच्या स्टिअरिंगच्या ओतीव लोखंडी आवरणात, जेथे झीज होते तेवढ्याच आतल्या पट्ट्या लेसरने कठीण करायला सुरुवात केली. कारखान्यातील या तंत्राच्या पहिल्या मोठ्या वापरांपैकी हा एक. याच कंपनीचा मोटारींचा कारखाना पुढे २००८ मध्ये मावळातील तळेगावात उभा राहिला, हा इतिहासाचा आणखी एक योगायोग.

३०/ भारतातही हे ज्ञान रुजले. इंदूर येथे १९८४ मध्ये लेसर आणि त्वरक यांसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. आज ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक. तेथे उच्च शक्तीचे कार्बन डायऑक्साइड लेसर बांधले गेले आणि धातूंच्या पृष्ठभागावर त्यांचे प्रयोगही झाले.

३१/ घाटातील प्रश्न मात्र जुनाच आहे. बोरघाटाच्या वळणांवर चाकाची कड बाहेरच्या रुळाला घासत राहते. तेथे रुळाचा माथा कठीण हवा आणि खालचे अंग चिवट. लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर १९४५ पासून नौदलाचे अभियंते घडतात. जहाजाच्या दंतचक्रांचे शास्त्रही हेच सांगते : दाताची कातडी कठीण, गाभा चिवट. टाकी, पहार, रूळ, दंतचक्र, सगळ्यांची मागणी एकच.

३२/ फरक पडला तो ज्ञानाच्या जागेत. लोहाराचे ज्ञान त्याच्या डोळ्यांत होते आणि त्याच्याबरोबर गेले. सॉर्बीचे सूक्ष्मदर्शकातून चित्रात उतरले. पटेल यांचे शोधनिबंधात छापले गेले, म्हणून त्यावर जगभर पुढची इमारत उभी राहिली. लिहिलेले ज्ञान वाढते आणि त्याच्या धन्याचे नावही टिकते. न लिहिलेले ज्ञान केवळ आपल्या कामातून उरते.

३३/ ते काम आजही पाहता येते. भाज्याच्या लेण्यांत कडेने पडणाऱ्या उजेडात भिंतीकडे नीट पाहिले तर टाकीच्या समांतर रेषा दिसतात. प्रत्येक रेषेची रुंदी म्हणजे टाकीच्या पात्याने घेतलेला घास. जेथपर्यंत रेषा स्वच्छ आणि धारदार आहे, तेथपर्यंत त्या टोकावर दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बरोबर क्षणी दिलेले पाणी टिकून होते.

#थ्रेड_समाप्त #मावळ #लोणावळा #बोरघाट #विज्ञानाचा_इतिहास